वाचकांचे प्रश्न : रणगाड्यातली दुसरी जागा

प्रश्न : गणपतीआधीच्या आवराआवरीत माळ्यावर ‘बॅटलफील्ड १९४२’ या गेमची जुनी सीडी सापडली. कॉलेजात असताना आम्ही मित्र दादरच्या एका सायबर कॅफेत तो तासन्‌तास खेळत असू. माझ्या सोळा वर्षांच्या मुलाने त्यातली चित्रे पाहून “यात एवढे काय आहे?” असे विचारले, आणि मला काही धड सांगता आले नाही. आपण सांगाल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या मुलाचा प्रश्न रास्त आहे. चित्रांच्या बाबतीत आज या गेमची बाजू घेता येणार नाही. त्याचे मोठेपण त्यातल्या वाहनांत आहे, आणि ते पडद्याच्या छायाचित्रात दिसत नाही. दोन माणसे एका रणगाड्यात बसली की मगच ते कळते.

स्वीडनमधील डाइस या कंपनीने तयार केलेला दुसऱ्या महायुद्धावरचा हा गेम सप्टेंबर २००२ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने बाजारात आणला. वाहने त्याआधीच्याही काही गेममध्ये होती. डाइसने विकत घेतलेल्या रिफ्रॅक्शन गेम्स या छोट्या कंपनीच्या ‘कोडनेम ईगल’ (१९९९) मध्ये तर या कल्पनेचा पहिला खर्डाच पाहायला मिळतो. परंतु एकाच नकाशावर, म्हणजे एकाच रणांगणावर, ६४ पर्यंत खेळाडू, आणि त्यांच्यासाठी जीप, रणगाडे, लढाऊ विमाने, पाणबुड्या, इतकेच काय तर विमानवाहू नौकाही हाकण्याची मोकळीक, हे सारे इतक्या ऐसपैस प्रमाणात या गेमने मांडले. ठाण्यावर, म्हणजे झेंडा असलेल्या मोक्याच्या जागेवर, उभी असलेली गाडी कोणा एकाची नसे. जो आधी पोहोचेल तो चालक, आणि मागून येणाऱ्याला दुसरी जागा.

ही दुसरी जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रणगाड्याचा चालक मुख्य तोफही डागत असे. दुसरा खेळाडू वरच्या झडपेतून अर्धा बाहेर येऊन मशीनगन चालवी आणि सर्वांत आधी तोच टिपला जाई. तरीही तिथे बसायला माणसे तयार असत, कारण रणगाड्याची पाठ कच्ची असे आणि मागच्या बाजूने दबकत येणारा रणगाडाविरोधी सैनिक चालकाला दिसत नसे. रणगाड्यातून धूर निघू लागला की कोणा इंजिनिअरने पाना घेऊन गोळीबारात मागे उभे राहावे आणि तो दुरुस्त होईपर्यंत चालकाने जागचे हलू नये, एवढा विश्वास एकमेकांवर ठेवावा लागे.

तोफखान्याचे तर मला आजही नवल वाटते. लांब पल्ल्याची तोफ टेकडीआडून डागायची, म्हणजे गोळा कुठे पडतो ते तोफेवरच्या माणसाला दिसणारच नाही. त्यासाठी टेहळणी करणाऱ्या ‘स्काउट’ने पुढे कुठेतरी लपून दुर्बिणीतून जागा हेरायची, की ते दृश्य तोफ चालवणाऱ्याच्या पडद्यावर उमटे. आमच्या कॅफेत आठ संगणक एका रांगेत होते. मी भिंतीकडच्या कोपऱ्यात तोफेवर आणि माझा मित्र दाराजवळच्या संगणकावर, उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात एका खडकामागे, दुर्बीण लावून. माझा पहिला गोळा झेंड्याच्या बराच पुढे पडला, दुसरा अलीकडे, आणि प्रत्येक वेळी मित्र तिथूनच “थोडा खाली घे”, “आता थोडा वर” असे ओरडून सांगत होता. तिसऱ्या गोळ्याला झेंड्यापाशी उभी असलेली जीप उडाली, आणि जीपमध्ये बसलेला मुलगा आमच्या दोघांच्या मधल्याच खुर्चीवर होता. त्याने आधी माझ्या मित्राकडे पाहिले आणि मग माझ्याकडे, कारण त्याला मारणारे आम्ही दोघे होतो. मुंबईत तेव्हा कॅफेंवर राज्य ‘काउंटर-स्ट्राइक’चे होते आणि तो खेळही मी मनापासून खेळलो; परंतु एका नेमात दोघांचा वाटा असा मला तिथे मिळाला नाही.

जिंकण्याचा हिशेबही याच वृत्तीला धरून होता. दोन्ही बाजूंना ठरावीक ‘तिकिटे’ असत. आपला सैनिक मरून पुन्हा मैदानात उतरला की आपले एक तिकीट कमी होई आणि ठाण्यांवर एका बाजूची पकड पक्की झाली की दुसऱ्या बाजूची तिकिटे आपोआप गळू लागत. त्यामुळे पन्नास जणांना मारणाऱ्या वैमानिकापेक्षा दुर्लक्षित ठाण्यावर जीपने जाऊन एकट्याने तिथला झेंडा आपल्या बाजूचा करणारा खेळाडू अनेकदा अधिक मोलाचा ठरे. आपल्या मुलाला एवढे सांगून पाहा. आजचे मोबाइलवरचे गेम खेळणाऱ्याला हे गणित लगेच समजते.

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढले होते. याच गेमच्या एका पुढच्या भागात इटलीची मोहीम आहे असे नातू सांगतो. त्यातून त्याला इतिहास कळेल का?
– एक वाचक, परळ

उत्तर : नातवाचे म्हणणे खरे आहे. २००३ मध्ये आलेल्या ‘द रोड टू रोम’ या पुरवणी भागात अँझिओ आणि मॉन्टे कॅसिनो या इटलीतील लढायांचे नकाशे आहेत. मात्र त्यात भारतीय सेना हा वेगळा पक्ष नाही, ही उणीव मला मनापासून सलते, कारण १९४४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कॅसिनोच्या चढणीवर चौथी भारतीय डिव्हिजन लढली होती. तपशिलांवरही फार विसंबू नये. मूळ गेममधील प्रशांत महासागरातल्या वेक बेटावर अमेरिकी खेळाडूला कॉर्सेअर विमान मिळते. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने हल्ला केला तेव्हा त्या बेटावर प्रत्यक्षात वाइल्डकॅट विमाने होती आणि कॉर्सेअर १९४३ मध्ये लढाईत उतरले. भूगोलाची जाण मात्र हा गेम बरी देतो: वेक बेटाचा घोड्याच्या नालेसारखा आकार आणि आतले उथळ पाणी एकदा पाहिले की किनारा राखणे किती अवघड असेल ते समजते.

नातवाला नकाशा दाखवून झाला की यशवंत घाडगे यांच्याविषयी अवश्य सांगा. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे, मराठा पलटणीतले हे नाईक १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होते. तुकडीतले इतर सारे मशीनगनच्या माऱ्यात पडल्यावर ते एकटे त्या चौकीवर धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, आणि बंदुकीत नवी काडतुसे भरण्यास वेळ नाही असे पाहून नळी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारले. लगेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. गेममध्ये मेलेला सैनिक काही सेकंदांत पुन्हा उभा राहतो, हा फरक त्याच बैठकीत सांगावा असे माझे मत आहे.

प्रश्न : हा गेम आज खेळता येतो का? – एक वाचक, बोरिवली

उत्तर : येतो, थोडी खटपट करून. २०१२ मध्ये दहा वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त कंपनीने तो काही काळ ओरिजिन या सेवेवर मोफत दिला होता. सर्व्हर शोधून देणारी गेमस्पाय ही व्यवस्था २०१४ मध्ये बंद पडली, तेव्हा चाहत्यांनीच तिची जागा घेणारी सोय उभी केली. जुन्या डिस्कची अडचण वेगळी आहे: त्या काळच्या अनेक सीडींवर नक्कल रोखण्यासाठी जी यंत्रणा असे, ती विंडोज १० आणि त्यापुढे चालत नाही, त्यामुळे डिस्क शाबूत असूनही गेम सुरू होत नाही. अशा वेळी आपला संगणक बिघडला असे समजू नये. गेम खुणावत असेल आणि घरात जुना विंडोज एक्सपीचा संगणक पडून असेल, तर त्यावरची धूळ झटकून तो वापरात काढावा. मूळ गेमला ५०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि १२८ एमबी मेमरी पुरते.

माणसे जमली नाहीत तरी संगणक स्वतः चालवतो ते ‘बॉट’ खेळाडू आहेत, आणि एकाच बाजूने दोघांनी त्यांच्याविरुद्ध लढण्याची सोयही आहे. बॉट फारसे हुशार नाहीत आणि विमाने डोंगरावर आदळवतात. विमान कीबोर्डवर नव्याने शिकणाऱ्यालाही जड जाते, म्हणून सुरुवात रणगाड्याने करावी: घरातल्या धाकट्याला चालक करावे आणि आपण वरच्या मशीनगनवर बसून त्याची पाठ राखावी.