कोणती बाजू रंगवायची?

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी विद्यार्थ्यांचे समुपदेशन करते. "सगळे पाठ केले तरी आलेख चुकतो, मला गणिताचे डोकेच नाही," ही तक्रार अकरावी-बारावीच्या मुलांकडून वारंवार ऐकू येते. बारावीच्या एका विद्यार्थिनीला तिचे वडील याच कारणाने घेऊन आले. "मॅडम, पोरगी रातरात जागते, अन् पेपर हाती आला की रडते," एवढेच ते बोलले.

अशा वेळी धीर देण्याआधी वही पाहावी, असे माझे ठाम मत आहे. उदाहरणे असमानतांच्या आलेखांची होती : आधी रेषा काढायची, मग तिच्या ज्या बाजूचे बिंदू असमानतेत बसतात ती बाजू रंगवायची. तिच्या रेषा अचूक होत्या. चुकत होती ती रंगवलेली बाजू. 'पेक्षा लहान' चिन्ह दिसले की रेषेखालची बाजू रंगवायची, असा नियम तिने पाठ केला होता. क्ष − य < २ या असमानतेत आरंभबिंदूच्या किमती घातल्या, तर ० − ० < २ हे विधान सत्य ठरते. म्हणजे (०, ०) ज्या बाजूला आहे तीच बाजू उत्तराची, आणि ती रेषेच्या वर येते. य च्या आधी ऋण चिन्ह असल्यामुळे, त्याला एकटे करताना असमानतेचे चिन्ह उलटते, हे त्या पाठ केलेल्या नियमात कुठेच नव्हते. कधी उत्तर बरोबर येई, कधी चुके, आणि का ते कळत नसे. तिचा धसका तिथला होता.

मग त्यांच्याच पाच एकरांचे उदाहरण घेतले : क्ष एकर कापूस, य एकर तूर, क्ष + य ≤ ५. (३, १) हा बिंदू तपासून ती म्हणाली, "चालते, एक एकर पडीक राहील." (४, २) म्हणताच वडीलच उत्तरले, "सहा एकर कुठून आणू?" (३, २) मध्ये सगळे शेत पेरले जाते, म्हणजे रेषेवरचा बिंदूही चालतो, म्हणून रेषा अखंड, नुसते < असते, तर ती तुटक काढावी लागली असती.

"रेषा आरंभबिंदूतूनच गेली तर?" हे तिने आपणहून विचारले, तेव्हा मला खरे समाधान वाटले. य ≥ २क्ष साठी आम्ही (१, ०) घेतला. ० ≥ २ असत्य, म्हणून दुसरी बाजू. जागरण बंद करून रोज मोजकीच उदाहरणे सोडवावीत आणि प्रत्येक आलेखाखाली तपासलेला बिंदू लिहावा, असे आम्ही तिघांनी ठरवले.