आधी अप्पांची गाणी, मग लॅपटॉप

प्रश्न : माझे वडील, अप्पा, शिक्षक होते. निवृत्तीनंतर गावोगाव फिरून त्यांनी खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी आणि जात्यावरच्या अहिराणी बोलीतल्या ओव्या गोळा केल्या. 2005 च्या सुमारास घेतलेल्या लॅपटॉपवर श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या टाइप केल्या. अप्पा गेल्यापासून लॅपटॉप माळ्यावर पडून होता. आता बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा घुरघुरतो आणि लगेच सगळं बंद. दुकानदार म्हणतो, भंगारात द्या. काय करू?
– एक वाचक भगिनी, अमळनेर

उत्तर : ताई, भंगारात मुळीच देऊ नका. आणि आता बटण दाबून बघणंही थांबवा.

गाणी लॅपटॉपमध्ये नाहीत, हार्डडिस्कमध्ये आहेत. ती वेगळी निघते. चार्जर काढा, बॅटरी काढा, मग खालच्या किंवा कडेच्या झाकणाचे एक-दोन स्क्रू सोडवले की अडीच इंची डिस्क हळूच बाहेर सरकते. तिच्या टोकाला बारीक पिनांच्या दोन ओळी असतील, तर ती जुन्या आयडीई जातीची, 44 पिनांची. ती दुसऱ्या संगणकाला जोडायला आयडीईचाच यूएसबी कन्व्हर्टर लागतो. हल्लीच्या साटा जातीच्या डिस्कची केस तिला बसत नाही. डिस्क टकटक वाजली तर तत्क्षणी काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या. माझ्या मावशीचा लॅपटॉप एका दुकानात चालू करून मिळाला खरा, पण फॉरमॅट मारून. तिने लिहिलेल्या तीस वर्षांच्या आठवणी त्यात गेल्या. म्हणून डिस्क घरी ठेवल्याशिवाय लॅपटॉप कोणाच्या हाती देऊ नका, एवढं माझं ऐका.

विंडोज एक्सपी असेल तर फाइली 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये अप्पांच्या नावाखाली सापडतील. उघडल्यावर मराठीऐवजी भलतीच रोमन अक्षरं दिसली तर घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही. श्री-लिपीचे जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे आज सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीचे, नव्हते, ते नसले की असंच दिसतं. ते फॉन्ट त्याच डिस्कवर, 'विंडोज'मधल्या 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये असणार. तो फोल्डरही उतरवून घ्या. युनिकोडमध्ये बदलल्यावर एकेक ओवी मूळ प्रतीशी ताडून बघा, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात. अहिराणी शब्द चुकला तर तो स्पेलचेकरला कळणार नाही, तुम्हालाच कळेल.

दोन ठिकाणी प्रती झाल्या की मग लॅपटॉपकडे वळा. जुनी बॅटरी फुगली असेल तर ती चार्ज करू नका, टोचू नका, ई-कचऱ्यात द्या. नसली फुगली तरी बाहेरच राहू द्या, कारण आतून शॉर्ट झालेली बॅटरी मशीन उठूच देत नाही. काहीही न जोडता पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. नंतर फक्त चार्जर लावा. त्याचे व्होल्ट मल्टिमीटरने मोजून घ्या. चार्जरवर छापलेल्या आकड्यापेक्षा फार कमी भरले तर दोष तिथेच. तेवढ्याने नाही उठला तर चार्जर काढून रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्ट्या काढा, सोनेरी कडा खोडरबराने हलक्या पुसा आणि एकेक पट्टी लावून बघा. आतली नाण्याएवढी सीआर2032 बॅटरी 3 व्होल्टची असते. ती इतक्या वर्षांत संपलेलीच असणार, बदलून टाका.

पंखाही उघडा. आपल्याकडे कापसाच्या जिनिंगजवळच्या घरांतल्या पंख्यांतून मी रुईची अक्षरशः गादी काढली आहे. प्रोसेसरवरची पेस्टही पत्र्याखालच्या माळ्यावर, मे महिन्याच्या उन्हाळ्यात, वाळून खडू झाली असेल. पण त्याने मशीन काही मिनिटं चालून तापल्यावर बंद पडतं. तुमचं लगेच पडतंय, म्हणून माझा संशय आधी बॅटरी, चार्जर आणि रॅमवर आहे. मदरबोर्ड हीटगनने भाजून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. तशी मशीनं थोडे दिवस चालून पुन्हा मरतात.

चालू होऊन पडदा काळाच राहिला, तर अंधारात तिरका टॉर्च मारा. अंधूक चित्र दिसलं तर फक्त पडद्यामागची उजेडाची ट्यूब किंवा तिला वीज देणारा इन्व्हर्टर गेलाय.

डिस्क उघडली का, बटण दाबल्यावर बीप किती वाजले, टॉर्चखाली काय दिसलं, हे लिहून पाठवा. पुढचं त्यावरून सांगतो.