आकृती पटकन दिसते, म्हणून आर्किटेक्टच का?

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. त्याला ऑटिझम आहे. चित्रात लपवलेली आकृती तो आमच्या सगळ्यांच्या आधी शोधतो, नागपूर मेट्रोचा नकाशा न बघता काढतो. नातेवाईक म्हणतात, आर्किटेक्ट करा. करावं का? – एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, नातेवाइकांचं अर्धंच बरोबर आहे. १९८३ मध्ये अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी ऑटिझम असलेल्या मुलांना चित्रात दडलेले आकार शोधायला दिले होते. बाबागाडीच्या चित्रात दडलेला त्रिकोण, अशा धाटणीचे. त्यात ही मुलं इतरांपेक्षा सरस ठरली. पुढच्या प्रयोगांत मात्र ही आघाडी दर वेळी दिसली नाही. २०१५ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात वेगळीच गोष्ट ठळक झाली : सुटे भाग सोडून अख्खं चित्र बघायला या मुलांना वेळ जास्त लागतो. दिसतं, पण उशिरा.

आर्किटेक्चरची पाच वर्षं म्हणजे नुसती रेघ नव्हे. ज्युरीपुढे, म्हणजे परीक्षकांपुढे, उभं राहून बोलायचं आणि पुढे ‘घर कसं मोकळं मोकळं वाटलं पाहिजे’ म्हणणाऱ्या क्लायंटला सांभाळायचं. त्या ‘मोकळं’चं माप कुठेच लिहिलेलं नसतं! मी आज त्याला तिकडे ढकलणार नाही.

दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन सिव्हिल, म्हणजे बांधकामाचे नकाशे आखायचा कोर्स, बघा. दुसरी वाट जीआयएसची, म्हणजे उपग्रहाच्या चित्रावरून नकाशे करण्याची. महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्र आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो, दोन्ही आपल्या नागपुरातच आहेत. तिथे नोकरी लागेलच असं नाही, पण हे काम काय असतं ते इथे बघता येतं.

आधी घरीच करून बघा. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. उपग्रहाच्या चित्रावर त्याला फुटाळा तलावाची कड आखू द्या. झालं, की दुसऱ्या दिवशी सांगा, ‘काठावरचा रस्ताही आत घे, सगळी रेघ बदल.’ आता त्याच्याकडे बघा. चिडून अर्ध्या तासाने परत बसतो, की फाइलच बंद करतो? ड्रॉइंग ऑफिसात रोजचं काम हेच : लाल पेनाने ‘खिडकी दीड फूट सरकवा’ लिहिलेला कागद परत येतो. लपलेला त्रिकोण किती सेकंदांत सापडला, हे तिथे कोणी विचारत नाही. बदलाचा त्रास होत असेल तर वाट बंद झाली असं नाही, बदल आधी लेखी सांगायची सवय लावता येते.

आणि हो, त्यालाही विचारा. त्याला नकाशा आवडतो की मेट्रो? मेट्रो असेल तर आपली सगळी चर्चाच वेगळी.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आता अर्ज करा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात. बोर्डाच्या परीक्षेतल्या वाढीव वेळेचं शाळेत याच आठवड्यात विचारून घ्या.