‘हेल्दी’ खाऊनही फरसाणाचा डबा का उघडतो?

“संध्याकाळी घरी आले की मी घरचंच, बिनतेलाचं काहीतरी खाते. तरी अर्ध्या तासाने फरसाणाचा डबा उघडतेच. माझ्यात निग्रह म्हणून नाहीच का?”

आमच्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी डोंबिवलीहून आलेल्या एका ताईंचा हा प्रश्न. वय ४४, नोकरी फोर्टमध्ये, घरी नवरा, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणारी तपासणी) ५.९ टक्के आलं होतं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचं, ५.७ ते ६.४ हा तो टप्पा. डॉक्टरांनी औषध न देता खाणं सांभाळायला सांगितलं होतं, आणि त्या मनापासून सांभाळतही होत्या. अडत होतं ते फक्त संध्याकाळी सात ते आठ.

निग्रहाचा विषय बाजूला ठेवून त्यांना कालचा दिवस घड्याळासकट सांगायला लावला. सकाळी चहाबरोबर एक पोळी. साडेबाराला डबा: दोन पोळ्या आणि फ्लॉवरची सुकी भाजी. चारला चहा, दोन मारी बिस्किटं. पावणेसहाला कार्यालयातून निघून सव्वासातला घर. आल्यावर वाटीभर मखाणे.

“डब्यात आमटी-उसळ नसते?”

“सांडते हो गाडीत. एकदा पर्स खराब झाली, तेव्हापासून बंद.”

उत्तर इथेच निम्मं मिळालं. साडेबारा ते सव्वासात म्हणजे पावणेसात तास, आणि मध्ये फक्त चहा-बिस्किट. त्यात सकाळपासून पोटात गेलेली प्रथिनं जेमतेम १५ ग्रॅम. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम धरली, तर त्यांच्या ६२ किलो वजनाला ५० ग्रॅमच्या वर हवीत. अशा पोटावर वाटीभर मखाणे म्हणजे तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा. मखाणा वाईट नाही, पण तो हलका असतो: भरलेली वाटी वजनाला १० ग्रॅमही होत नाही आणि त्यात प्रथिनं एक ग्रॅमच्या आसपास. दिसायला वाटी भरते, एवढंच.

पुढच्या भेटीला त्यांना दोन डबे आणायला सांगितले होते: एक फरसाणाचा, एक त्यांच्या ‘हेल्दी’ चिवड्याचा. टेबलावर छोटा वजनकाटा ठेवला आणि रोज घेता तेवढं फरसाण बशीत घ्या म्हटलं. ६८ ग्रॅम. साधारण साडेतीनशे कॅलरी, म्हणजे त्यांच्या दुपारच्या डब्याएवढ्या. “मी तर मूठभरच घेते,” त्या म्हणाल्या. खरंच, मूठभरच होतं, फक्त दोनदा.

मग दुसरा डबा उघडला. पोहे आकसलेले, चावायला चिवट, वरचे अळणी आणि तळाशी मीठ-हळदीचा थर. एक थेंबही तेल न घालता केलेला. हा चिवडा खाऊन कोणाचंही मन भरणार नाही, आणि त्यात खाणाऱ्याचा काही दोष नाही. कुरकुरीतपणा, खारट-आंबट-तिखट चव आणि थोडा स्निग्धपणा या तीन गोष्टींसाठी हात फरसाणाकडे जातो. ‘हेल्दी’च्या नावाखाली तिन्ही काढून टाकल्या की पोट म्हणतं झालं आणि जीभ म्हणते अजून सुरुवातच नाही. शून्य तेलाचा हट्ट हीच इथली खरी चूक होती.

तेव्हा चिवडा नीट करायचा ठरलं. २५० ग्रॅम पातळ पोह्यांना ३ मोठे चमचे (४५ मिली) तेल पुरतं. त्याहून कमी केलं तर मसाला पोह्यांना धरत नाही. आधी पोहे चाळून भुगा काढायचा. रुंद कढईत मंद आचेवर ७-८ मिनिटं, झाऱ्याने खालून वर हलवत भाजायचे. दोन पोहे चिमटीत चुरडावेत: पूड झाली तर झाले, वाकले तर अजून ओल आहे. आच मोठी केली की पोहे आकसतात; त्यांच्या डब्यात नेमकं हेच झालं होतं. भाजलेले पोहे परातीत पसरून ठेवायचे.

त्याच कढईत तेल, आणि आधी ७५ ग्रॅम शेंगदाणे, मंद आचेवर चार-पाच मिनिटं, सालं तडकेपर्यंत. ते काढून २० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचे काप. हे डोळ्यांदेखत करपतात, म्हणून रंग बदलू लागताच काढायचे. मग ५० ग्रॅम डाळं, एखादं मिनिट. उरलेल्या तेलात चमचाभर मोहरी, चार हिरव्या मिरच्यांचे बारीक तुकडे आणि पुसून कोरडा केलेला मूठभर कढीपत्ता. मिरची कडक होऊन वाजेपर्यंत तळायची. घाई इथेच होते, आणि अर्धकच्च्या मिरचीतलं पाणी तीन दिवसांत अख्खा डबा मऊ पाडतं. शेवटी एक मोठा चमचा तीळ, पाव चमचा हिंग, गॅस बंद करून अर्धा चमचा हळद. गॅस चालू असताना हळद घातली की ती काळपट आणि कडवट होते.

फोडणी मिनिटभर निवू द्यायची, मग पोहे आणि तळलेला सगळा जिन्नस घालून हलवायचं. मीठ तेलात विरघळत नाही, फोडणीत टाकलं की तळाशी बसतं. म्हणून एक सपाट चमचा मीठ, दीड चमचा पिठीसाखर आणि पाऊण चमचा आमचूर एकत्र अगदी बारीक करून पोह्यांवर भुरभुरायचं, ते पोहे कोमट आणि तेलाने माखलेले असतानाच. परत मंद आचेवर तीन मिनिटं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचा नाही. वाफ कोंडली की केलेलं सगळं वाया.

असा साधारण ४५० ग्रॅम चिवडा होतो. ३० ग्रॅममध्ये १४० कॅलरी आणि प्रथिनं साडेतीन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तेल घालूनही तो फरसाणापेक्षा हलका आहे, पण एकटा पुरेसा मात्र नाही. सावकाश पोट भरेल असं काही त्याच्या जोडीला हवं, आणि ते मटकीने होतं.

एक वाटी मटकी आठ तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून फडक्यात बांधायची. उन्हाळ्यात १०-१२ तासांत मोड येतात, थंडीत दिवस लागतो. चिकट झाली किंवा आंबूस वास आला तर पाणी नीट निथळलं नव्हतं असं समजावं आणि ती टाकून द्यावी. कच्ची मोडाची कडधान्यं खायचा आग्रह आम्ही धरत नाही. चाळणीत ठेवून पाच-सहा मिनिटं वाफवली की ती पचायला सोपी होते आणि जंतूंची भीतीही कमी होते. कुकरला लावली तर गाळ होतो. गार करून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन दिवस टिकते. अर्धी-पाऊण वाटी वाफवलेली मटकी, बारीक चिरलेला कांदा-टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू आणि वरून ३० ग्रॅम चिवडा. चिवडा खायला बसतानाच घालायचा, कारण दहा मिनिटांत त्याचा काला होतो. ही भेळ खायला दहा मिनिटं लागतात. फरसाणाची बशी तीन मिनिटांत संपते, तीही टीव्हीसमोर.

“रोज हेच?” हा प्रश्न अपेक्षित होता. रोज नाही. दोन दिवस मुगाची धिरडी. एक वाटी हिरवे मूग आणि दोन मोठे चमचे तांदूळ पाच तास भिजवायचे; सकाळी निघताना भिजवून फ्रिजमध्ये ठेवले तरी चालतात. आलं, मिरची, जिरं घालून वाटताना पाणी पाव वाटीच, थोडं थोडं. पीठ सैल झालं की धिरडं फाटतं. मग त्यात बेसन ढकलून सावरण्यापेक्षा चमचाभर तांदळाचं पीठ घालावं, म्हणजे कुरकुरीतपणा राहतो. तवा नीट तापलेला हवा, अर्धा चमचा तेल कडेने, आणि कड आपणहून सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. एवढ्यात सहा-सात धिरडी होतात. दोन धिरडी आणि दह्याची वाटी म्हणजे बारा ग्रॅमपर्यंत प्रथिनं. ज्यांना रात्री आठला जेवायचंच असतं त्यांना मग भूक बेताची राहते. जेवणातली एक पोळी आपोआप कमी होते, ती मुद्दाम कमी करावी लागत नाही.

गोडाचं विचारलं तेव्हा त्यांनी पर्समधून खजूर-गुळाच्या बार्सचं पाकीट काढलं. ‘साखरमुक्त’ असं मोठ्या अक्षरात. गूळ आणि साखर यांच्या कॅलरीत नाव घेण्याजोगा फरक नाही आणि खजुराची साखरही रक्तात साखरच होते. ५.९ वाल्या माणसाला हे स्पष्ट सांगायला हवं. शेंगदाणा-तिळाचा सुपारीएवढा लाडू, जेवणानंतर, एक. तेवढ्यावर भागतं.

आणि फरसाण? ते घरातून हद्दपार करा असं सांगितलं नाही. सासूबाईंना दुपारच्या चहाबरोबर लागतंच, आणि त्यांच्या हातचं काढून घेऊन घरात नवं भांडण कशाला. फक्त डबा ओट्यावरून वरच्या फळीवर गेला आणि पारदर्शक बरणीऐवजी स्टीलचा झाला. शनिवारी मुलासोबत गाडीवरचा एक वडापाव ठरलेला; तो घरी ‘बेक’ करण्याचा प्रयोग करू नका असंही सांगितलं. त्याने ना वड्याची हौस भागते ना पथ्याची.

सगळ्यात मोठा बदल मात्र सातचा नव्हता, साडेबाराचा आणि चारचा होता. डब्यात घट्ट, रस आटवलेली उसळ. झाकणाला रबर असलेल्या छोट्या स्टीलच्या डबीत, म्हणजे सांडायचा प्रश्न नाही. चारच्या चहाबरोबर बिस्किटांऐवजी ३० ग्रॅम फुटाणे, सालासकट: सहा ग्रॅम प्रथिनं, एकशेदहा कॅलरी.

पाच आठवड्यांनी त्या वही घेऊन आल्या. फरसाणाचा डबा आठवड्याला सहादा उघडत होता, तो आता दोनदा. वहीत ते दोन्ही दिवस लाल पेनाने गोल केलेले, आणि दोन्ही दिवशी शेरा एकच: गाडी उशिरा, घरी पावणेनऊ. त्या दिवशी भेळ कालवण्याइतका धीर राहत नाही, हे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. मग पर्सच्या आतल्या कप्प्यात एक जादाची पुडी ठेवायचं ठरलं: २० ग्रॅम फुटाणे, १० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे. खारे नकोत, खाऱ्याने तहान लागते आणि गर्दीच्या डब्यात बाटली काढायला जागा नसते. पुडी दादर गेलं की उघडायची, मग गाडी कुठेही रखडो.