वाचकांचे प्रश्न : विधेयकाला विरोध, पण कुठे आणि कधी?

प्रश्न : विधिमंडळात मांडलेल्या एका विधेयकाला आमच्या संस्थेचा विरोध आहे. ‘विधेयक रद्द करा’ अशा निवेदनावर सह्या घेतो आहोत. त्याचा उपयोग होईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सह्या जरूर घ्या, पण निवेदनातल्या मजकुराने कलमावर बोट ठेवले पाहिजे. नुसते ‘रद्द करा’ म्हटले तर आमदाराला सभागृहात मांडायला हाती काहीच लागत नाही.

आधी विधेयकाची मूळ प्रत विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. बातमीवर विसंबू नका. वाचायला शेवटून सुरुवात करा. ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ आणि सरकारला नियम करण्याचे अधिकार देणारे ज्ञापन तिथे सापडते. ‘विहित करण्यात येईल’ (म्हणजे पुढे नियमांनी ठरवले जाईल) हे शब्द जिथे जिथे येतात तिथे खूण करा. त्या जागी खरा निर्णय सभागृह घेणार नाही, मंत्रालय घेणार आहे.

प्रत्येक हरकतीत चार गोष्टी हव्यात : कलम-पोटकलमाचा क्रमांक, आक्षेपार्ह शब्द जसेच्या तसे, त्याने कोणाचे काय नुकसान होईल त्याचे एक उदाहरण, आणि ‘हे वगळा’ किंवा ‘याऐवजी हे घाला’ अशी दुरुस्ती. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक, २०२४ घ्या. बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत कायद्याची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन देणेही होते. ‘व्याख्या जाचक आहे’ एवढे लिहून भागत नाही. ‘या शब्दांत शांततामय सत्याग्रहसुद्धा बसतो, म्हणून हे वगळून हिंसेला प्रत्यक्ष चिथावणी एवढेच ठेवा’ असे लिहिले, की आमदाराला तीच दुरुस्ती सभागृहात मांडता येते.

वेळ त्याहून महत्त्वाची. हे विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात पुन्हा मांडून दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेले. सूचनांना १ एप्रिल २०२५ पर्यंत मुदत होती आणि बारा हजारांहून अधिक आल्या. ९ जुलैला समितीचा अहवाल आला, १० जुलैला विधानसभेने आणि ११ जुलैला विधान परिषदेने विधेयक मंजूर केले. म्हणजे अहवालानंतर नागरिकांच्या हाती दोन दिवस उरले. समितीने काही बदल केले. ‘व्यक्ती आणि संघटना’ऐवजी कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना असा रोख आला, तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. विरोधी पक्षांचे सदस्य समितीत असूनही अहवालाला भिन्नमतपत्रिका (सदस्याची लेखी असहमती) जोडली गेली नाही. आमच्या मते ही सर्वांत मोठी चूक. तुमचा आमदार समितीत असेल तर ‘आमचे म्हणणे मान्य झाले नाही तर भिन्नमत लिहून द्या’ हे पहिल्याच भेटीत सांगा.

विधेयक समितीकडे गेलेच नसेल, तर ते चर्चेला येण्याआधी आमदाराला दोन गोष्टी मागा : समितीकडे पाठवण्याचा किंवा जनमत अजमावण्याचा प्रस्ताव, आणि तो फेटाळला तर कलमवार दुरुस्त्या. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतले विधान परिषद सदस्य लोक विसरतात. परिषद विधेयक कायमचे अडवू शकत नाही, पण पहिल्या खेपेला तीन महिने रोखू शकते. धन विधेयक (कर किंवा सरकारी खर्चाचे) मात्र १४ दिवसांपलीकडे नाही.

निवेदन विधान भवनात प्रत्यक्ष देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. टपालाने पाठवत असाल तर स्पीड पोस्टची पावती जपा.

प्रश्न : दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. आता सगळे संपले का?

उत्तर : नाही. राज्यपालांची अनुमती बाकी असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०० नुसार ते अनुमती देऊ शकतात, राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात, किंवा (धन विधेयक नसेल तर) अनुमती रोखून फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. विधिमंडळाने ते पुन्हा मंजूर केले तर मात्र त्यांना अनुमती रोखता येत नाही. राज्यपालांना लिहिताना राजकारण टाळा. समवर्ती सूचीतल्या (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा) विषयावर केंद्राच्या कोणत्या कायद्याशी विसंगती आहे, मूलभूत हक्काला कुठे बाधा येते, एवढेच एका पानात मांडा.

सरकारही थांबू शकते. गोवा विधानसभेने ३० जुलै २०२१ रोजी, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक मंजूर केले. ३० वर्षे गोव्यात राहणाऱ्याला ‘भूमिपुत्र’ ठरवून २५० चौरस मीटरपर्यंतच्या घराचा हक्क त्यात होता. ‘भूमिपुत्र’ या शब्दालाच आदिवासी समाजाने हरकत घेतली, विरोध वाढला, आणि मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी ते राज्यपालांकडे न पाठवण्याचे जाहीर केले.