साहेबांना 'नाही' म्हणायचं, पण कुठे?

प्रश्न : मुलगा मिहानमधल्या एका आयटी कंपनीत दोन वर्षांपासून आहे. मॅनेजर इथलेच आहेत आणि क्लायंटकडून नेदरलँड्सच्या एक बाई काम बघतात. 'मीटिंगमध्ये मत मांडत नाही,' असं त्या बाईंनी कळवलं आणि ते अप्रेझलमध्ये आलं. ते मनाला लावून घेऊन पुढच्याच आठवड्यात तो मॅनेजरना सगळ्यांसमोर म्हणाला, 'सर, तुमची तारीख चुकतेय.' तेव्हापासून सर त्याच्याशी धड बोलत नाहीत. आता नोकरीच सोडतो म्हणतो. आमच्या घरात त्याच्या बाबांसमोर कोणी उलट बोलत नाही. आमचे संस्कारच आडवे आले का? – एक आई, मनीषनगर, नागपूर

उत्तर : ताई, संस्कारांना आधी या प्रकरणातून मोकळं करा. तुमचा मुलगा डच बाईंसमोर गप्प बसला आणि नागपूरच्या सरांना चारचौघांत बोलला. नेमकं उलटं हवं होतं, एवढंच.

गीर्ट हॉफस्टेड नावाच्या डच अभ्यासकाने 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या तपासल्या आणि साहेब-कर्मचारी यांच्यातलं अंतर आकड्यांत मांडलं. (इंग्रजीत 'पॉवर डिस्टन्स'. त्याला 'सत्तांतर' म्हणावं तर सरकार पडल्यासारखं वाटतं, म्हणून आपण साहेबापासूनचं अंतरच म्हणू.) भारताचा आकडा 77, नेदरलँड्सचा 38. एकाच कंपनीच्या लोकांवरून काढलेले जुने आकडे आहेत, फार ताणू नयेत. पण मुलाची अडचण त्यातून समजते.

बाई विचारतात, 'शुक्रवारपर्यंत होईल?' टेस्टिंगला अजून दोन दिवस लागणार हे त्याला माहीत असतं, तरी तो म्हणतो, 'होईल.' आपल्याकडे या 'होईल'चा अर्थ 'ऐकलं, प्रयत्न करतो' असा असतो आणि तो आपल्या साहेबांनाही बरोबर कळतो. ते गुरुवारी स्वतःच येऊन विचारतात, 'कुठवर आलं रे?' बाई तसं विचारणार नाहीत. त्यांनी शुक्रवार लिहून घेतलेला असतो. शुक्रवारी काम झालं नाही की त्यांच्या लेखी मुलगा खोटं बोललेला असतो. आपण मान राखला, असं तो समजत बसतो.

मीही यातून गेले आहे. सीताबर्डीतल्या माझ्या पहिल्या नोकरीत साहेबांच्या कोटेशनमध्ये एक शून्य जास्त पडलेलं मला दिसलं होतं. साहेबांच्या लक्षात आलंच असेल, असं म्हणून मी ते तसंच पाठवलं. काम हातचं गेलं. साहेब एवढंच म्हणाले, 'दिसलं होतं, तं बोलली काऊन नाही?' माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण डच तेवढे मोकळे आणि आपण दबलेले, असंही मुलाच्या डोक्यात भरवू नका. 27 मार्च 1977 ला टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली, 583 माणसं गेली. उड्डाणासाठी धावत सुटलेलं विमान डच कंपनीचं होतं. दुसरं विमान अजून धावपट्टीवरच आहे की काय, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारली होती. वैमानिक कंपनीतला मोठा, मानाचा माणूस. तो ठामपणे बोलला आणि विषय तिथेच संपला. त्यानंतरच्या वर्षांत हाताखालच्यांनी शंका कशी लावून धरायची आणि वरच्यांनी ती कशी ऐकायची, हे वैमानिकांना शिकवायला सुरुवात झाली. म्हणजे हे शिकता येतं.

आता कामाचं. डच बाईंसमोर मीटिंगमध्येच बोलायचं. मागाहून बोललेलं त्यांना मागाहून सुचल्यासारखं वाटतं. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच. तयारीला अख्खी सकाळ हातात असते. तेवढ्यात एकच वाक्य कागदावर लिहून ठेवायचं : 'शुक्रवारी होणार नाही, टेस्टिंगला दोन दिवस लागतील, मंगळवारी देतो.' कारण आणि नवी तारीख सोबत असली की त्या 'नाही'त उद्धटपणा उरत नाही. आणि त्यांना नावाने हाक मारायला जीभ रेटत नसेल, तर नाव टाळून बोललं तरी चालतं. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखी दोन संबोधनं डच भाषेतही आहेत, त्यामुळे त्याचा संकोच त्यांना अगदीच परका वाटणार नाही.

सरांचं वेगळं. मीटिंगच्या आधी केबिनमध्ये दहा मिनिटं मागायची आणि 'सर, तारखेबद्दल एक शंका होती' असं म्हणून आकडे समोर ठेवायचे. बाहेर आल्यावर तीच तारीख सरांनी स्वतःची म्हणून सांगितली तर सांगू द्यावी. याला कोणी लाचारी म्हणेल. मला तसं वाटत नाही.

बिघडलेलं आधी दुरुस्त करायला हवं. त्याने एकदा केबिनमध्ये जाऊन म्हणावं, 'सर, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं.' माफी तेवढ्याचीच. तारखेबद्दलचं म्हणणं बरोबर असेल तर ते मागे घेऊ नये. राजीनामा निदान पुढच्या अप्रेझलपर्यंत नको. तोवर केबिनमध्येही सर ऐकत नाहीत असं दिसलं, तर आधी टीम बदलून मागावी.

आणि ताई, एक काम त्याच्या बाबांचं. रविवारी तर्री-पोहे खाताना घरातल्या एखाद्या खर्चाबद्दल त्यांनी मुलाला विचारावं, 'तुला काय वाटतं?' तो म्हणेल, 'तुम्ही म्हणाल तसं.' त्यावर बाबांनी लगेच आपलं मत सांगू नये. पोहे संपेपर्यंत थांबावं.