‘टेक’ला स्पॅनिशमध्ये नेमकं काय म्हणायचं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये भाषांतर करणाऱ्यांच्या शंका. स्पॅनिश शब्दांचे उच्चार लॅटिन अमेरिकेतल्या वळणाने दिले आहेत.

प्रश्न: ‘नो’ (know) म्हणजे साबेर की कोनोसेर, ‘आस्क’ म्हणजे प्रेगुंतार की पेदीर? नियम पाठ आहेत, पण लिहिताना चुकतंच.

नियम आठवत बसण्याआधी वाक्य मनात मराठीत म्हणून बघा. ‘आस्क’पुरता तर प्रश्नच मिटतो: विचारणे म्हणजे प्रेगुंतार, मागणे म्हणजे पेदीर. पण प्रश्न ‘विचारायचा’ असेल तर स्पॅनिश माणूस तो ‘करतो’: आसेर ऊना प्रेगुंता. इथे पेदीर लावलं तर कोणीतरी आपल्याला प्रश्न द्यावा अशी मागणी होते. आणि ‘त्याला यायला सांग’ अशा अर्थाने ‘आस्क’ आला तर पीदेले के बेंगा. यात ‘येणे’ या क्रियापदाचं रूप बदलतं (बेंगा), साधं ब्येने चालत नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच दिसतात.

‘नो’च्या बाबतीत मराठी अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करते. ‘मला पोहता येतं’, ‘मला उत्तर माहीत आहे’ ही दोन्ही वाक्यं साबेरची. माणसाला ओळखणं कोनोसेरचं, आणि त्या माणसाच्या नावाआधी ‘आ’ हे अव्यय हवंच. घसरगुंडी आहे ती ‘मला ते शहर माहीत आहे’ या वाक्यात. आपण ‘माहीत’ म्हणतो म्हणून हात साबेरकडे जातो. शहर पाहिलेलं, अनुभवलेलं असेल तर कोनोसेरच. गाण्याचंही तसंच: ‘ते गाणं मला येतं’, म्हणजे पाठ आहे, तर साबेर, नुसतं ऐकून ओळखीचं असेल तर कोनोसेर.

भूतकाळात आणखी एक वळण आहे. कोनोसी म्हणजे ‘माझी ओळख झाली’ आणि सूपे म्हणजे ‘मला कळलं’. ‘मी त्याला ओळखत होते’ म्हणायचं असेल तर कोनोसीआ. इंग्रजीत ‘न्यू’ (knew) हा एकच शब्द असल्यामुळे ही चूक संपादकाच्या नजरेतूनही सुटते.

प्रश्न: ‘फॉर’साठी पोर आणि पारा यांत कायम गोंधळ होतो. ‘साठी’ म्हणजे पारा असं धरून चालू का?

नका धरू. मराठी ‘साठी’ स्वतःच दुटप्पी आहे. ‘मी हे तुझ्यासाठी केलं’ यात वस्तू तुला द्यायची आहे की तुझ्याखातर काहीतरी सोसलंय, हे सांगता येत नाही. स्पॅनिशमध्ये ते सांगावंच लागतं. द्यायची असेल तर पारा ती, तुझ्याखातर किंवा तुझ्यामुळे असेल तर पोर ती. म्हणून ‘साठी’च्या जागी एकेक शब्द ठेवून बघा. ‘खातर’, ‘मुळे’, ‘ऐवजी’, ‘च्या बदल्यात’ यांपैकी काही बसलं तर पोर. ‘ला देण्यासाठी’, ‘च्या उद्देशाने’, ‘पर्यंत’ (सोमवारपर्यंत हवं आहे) बसलं तर पारा.

नमुना म्हणून एक वाक्य घ्या. त्राबाहो पारा हुआन: हुआन माझा मालक आहे. त्राबाहो पोर हुआन: हुआन आज आला नाही, त्याच्या जागी मी काम करतोय. करारनाम्यात हे अव्यय चुकलं तर कोण कोणाचा नोकर हेच बदलतं.

कालावधी सांगणारा ‘फॉर’ मात्र दोघांतही बसवू नका. ‘मी दोन वर्षांपासून इथे राहतो’ याला बीबो आकी देस्दे आसे दोस आन्योस. क्रियापद वर्तमानकाळात, अगदी मराठीसारखं. इंग्रजीत इथे पूर्ण वर्तमानकाळ येतो. तोच स्पॅनिशमध्ये उतरवला की वाक्य इंग्रजीतून आलंय हे लगेच कळतं. राहणं संपलेलं असेल तर बीबी आकी दोस आन्योस, अव्ययाची गरजच नाही.

प्रश्न: अ‍ॅपच्या भाषांतरासाठी एक्सेल फाइल आली आहे. ‘ओपन’, ‘क्लिअर’, ‘सेव्ह’, ‘ऑर्डर’, ‘फ्री’ असे सुटे शब्द, संदर्भ काहीच नाही. काय करावं?

पहिलं काम: भाषांतर सुरूच करू नका. प्रत्येक ओळीचा सांकेतिक आयडी आणि त्या पडद्याचा स्क्रीनशॉट मागा. आयडीमध्ये बटण, शीर्षक, स्थिती असं काही लिहिलेलं असतं आणि निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. ते मिळत नसतील तर शंकांची यादी करून एकदाच पाठवा, रोज एक नको.

आता शब्द घेऊ. ‘ओपन’ बटण असेल तर आब्रीर. दुकान उघडं आहे अशी स्थिती असेल तर आब्येर्तो, पण ज्याबद्दल बोलतोय ते नाम स्त्रीलिंगी असेल तर आब्येर्ता. म्हणजे नुसता अर्थ कळून भागत नाही, कशाबद्दल आहे हेही कळायला हवं. ‘क्लिअर’ शोधपट्टीजवळ असेल तर बोर्रार, हवामानाच्या अ‍ॅपमध्ये देस्पेहादो. ‘सेव्ह’ फाइलसाठी ग्वार्दार, सवलतीच्या जाहिरातीत आओर्रार. साल्बार म्हणजे बुडणाऱ्याला वाचवणं, तो फाइलसाठी टाळा.

‘ऑर्डर’ सगळ्यांत खोडकर. मागवलेला माल म्हणजे पेदीदो. क्रमाने लावा असं बटण असेल तर ओर्देनार. आणि ओर्देन या एकाच नामाचं लिंग बदललं की अर्थ बदलतो: एल ओर्देन म्हणजे क्रम, ला ओर्देन म्हणजे हुकूम. ‘फ्री’ म्हणजे फुकट असेल तर ग्रातिस, मोकळं असेल तर लीब्रे, आणि ‘2 जीबी फ्री’ असेल तर अनेकवचनी लीब्रेस. साखरविरहित पदार्थावर यातलं काहीच नाही, तिथे सिन आसूकार.

‘अमुक डिलीटेड’ अशा ओळीत अमुकच्या जागी फाइलचं नाव येणार की यादीचं, हे माहीत नसतं. एलिमिनादो लिहावं तर स्त्रीलिंगी नामाला खटकतं. त्यावर उपाय: से एलिमिनो अमुक. या रचनेत लिंगाची भानगड राहत नाही. मात्र अनेकवचनासाठी वेगळी ओळ (से एलिमिनारोन) मागून घ्या.

प्रश्न: ‘टेक’साठी कोशात कोहेर सापडला, पण तो वापरू नका असं ऐकलं. खरं का?

स्पेनमध्ये कोहेर रोजचा, साधा शब्द आहे. बस पकडणं, फोन उचलणं, सगळं त्यातच. मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात त्याचा अर्थ अश्लील होतो. कोणत्या देशासाठी लिहितोय हे ठाऊक नसेल तर बससाठी तोमार वापरा. (खुद्द ‘बस’चीही तीच कथा: क्यूबात ग्वाग्वा म्हणजे बस, चिलेत ग्वाग्वा म्हणजे तान्हं बाळ.)

बाकी ‘टेक’ मराठीत फोडलात की सोपा होतो. छत्री बरोबर नेणे: येबार. दोन तास लागणे: तार्दार. फोटो काढणे: साकार, ज्याचा मूळ अर्थही ‘बाहेर काढणे’च आहे. अंगावरचं काढणे मात्र कितार्से. विमान उडणे: देस्पेगार.

प्रश्न: शरीराच्या अवयवांसाठीही मराठीचाच आधार घ्यावा का?

नाही, तिथे मराठी दगा देते. आपला ‘पाय’ म्हणजे स्पॅनिशमध्ये तीन शब्द: मांडीपासून घोट्यापर्यंत प्येर्ना, पाऊल प्ये, आणि प्राण्याचा किंवा टेबलाचा पाता. ‘कान’ बाहेरून दिसणारा असेल तर ओरेहा, आतला, ऐकण्याचा, ठणकणारा असेल तर ओईदो. दवाखान्याच्या अर्जात कान दुखण्याला ओईदोच हवा. ‘कोपरा’ही तसाच: खोलीच्या आतला रिंकोन, रस्त्याचा किंवा टेबलाचा बाहेरून लागणारा एस्कीना.

प्रश्न: कोशातल्या चार पर्यायांतून एक कसा निवडायचा?

उलट तपासणी करा. ‘स्प्रिंग’ बघितला तर प्रिमाबेरा, मानान्त्याल, म्वेये, रेसोर्ते असे शब्द मिळतात. पहिला ऋतू, दुसरा झरा, उरलेले दोन धातूच्या स्प्रिंगचे. आता म्वेये हा शब्द रेआल आकादेम्या या स्पॅनिश भाषेच्या अधिकृत संस्थेच्या एकभाषी (स्पॅनिश-स्पॅनिश) कोशात शोधा. तिथे कळतं की जहाज लागतं तो धक्काही म्वेयेच. म्हणून बंदरातल्या यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत रेसोर्ते बरा. व्याख्येआधीच्या देशांच्या संक्षेपांकडेही लक्ष द्या. एखाद्या अर्थापुढे एकाच देशाचा संक्षेप असेल, तर तो अर्थ बाकीच्या ठिकाणी गृहीत धरू नका.